कऱ्हा : एका लहान नदीचे पाणी आणि काठची गावे

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नद्यांविषयी विचार करताना गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी या मोठ्या नद्यांनाच प्राधान्य मिळते, आणि ते स्वाभाविकही आहे. त्यांच्या उपनद्या, आणि त्या उपनद्यांना येऊन मिळणारे प्रवाह, पाठ्यपुस्तकांतील नकाशावर एका बारीक निळ्या रेषेपुरते उरतात. तथापि खेड्याचा दैनंदिन संबंध येतो तो अशाच लहान प्रवाहांशी. गावाची पांढरी कोठे वसावी, स्मशान कोठे असावे, गुरे कोठे पाजावीत, विहीर कोठे खोदावी हे सर्व त्यांनीच ठरवलेले असते.

पुणे जिल्ह्यातील कऱ्हा ही अशीच एक नदी. ती नीरेस मिळते, नीरा भीमेस आणि भीमा कृष्णेस. शंभर किलोमीटरच्या आसपास लांबीचा तिचा जवळजवळ सर्व प्रवास पुरंदर व बारामती या दोनच तालुक्यांत होतो. मराठी वाचकाला तिचे नाव परिचित आहे ते आचार्य अत्रे यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्रामुळे. अत्रे यांचा जन्म १८९८ मध्ये सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. आपल्या आयुष्याच्या कथेला त्यांनी नदीच्या पाण्याचे नाव दिले, ही गोष्ट या भागातील माणसाला मुळीच अलंकारिक वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. कऱ्हेच्या खोऱ्यात आज जे पाणी आहे ते कोठून येते, आणि त्यावर काठच्या गावांचा वाटा कोणत्या नात्याने ठरतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. इतिहास, पुराणकथा व पुरातत्त्व यांचा उल्लेख त्या प्रश्नाच्या अनुषंगाने येईल.

प्रवाह आणि काठ

सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे जे फाटे फुटतात, त्यांपैकी सिंहगडाकडून भुलेश्वराकडे जाणारा एक फाटा आणि दक्षिणेस पुरंदर-वज्रगडाचा डोंगर यांच्या दरम्यान कऱ्हेचे वरचे खोरे आहे. गराडे परिसरातील डोंगरउतारावर तिचा उगम होतो. तेथून कोडीत, सासवड, पुढे नाझरे, जेजुरीच्या उत्तरेकडून पांडेश्वर, मोरगाव, आंबी, कऱ्हावागज, बारामती असा आग्नेयेकडे प्रवास करून सोनगाव येथे ती नीरेस मिळते.

या खोऱ्याचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे ते पर्जन्यछायेत आहे. उगम डोंगरात असला तरी सह्याद्रीच्या माथ्यापासून तो पूर्वेस आहे. त्यामुळे मुठा, नीरा किंवा वेळवंडी यांना घाटमाथ्यावरील पावसाचा जो भरवसा लाभतो, तो कऱ्हेस नाही. सासवडपासून खाली वार्षिक पर्जन्यमान साधारणतः ५०० मि.मी.च्या आसपास घोटाळते आणि त्यातही मोठा वाटा परतीच्या पावसाचा असतो. म्हणजे नदी जून-जुलैत वाहू लागेल असे नाही. ती सप्टेंबर अखेरीस एकाच रात्रीत दुथडी भरून वाहील आणि माघात पुन्हा वाळूचा पट्टा होईल. खाली दख्खनचा काळा पाषाण असल्याने भूजल साठते ते मुरूम व भेगाळलेल्या खडकाच्या थरात, तसेच पात्रालगतच्या गाळात. काठच्या जुन्या विहिरी नेमक्या या गाळाच्या पट्ट्यात आढळतात.

मानवी वस्तीच्या दृष्टीने हा गाळ फार जुना आहे. मोरगावजवळ कऱ्हेच्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर सापडतो आणि त्याच परिसरात अश्मयुगीन ॲश्यूलियन हत्यारे मिळाली आहेत. राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. मात्र ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याहून पुष्कळ जुन्या उद्रेकाची, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला, नीरासंगमावरील सोनगाव येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत. अन्न पिकवणाऱ्या माणसाने या खोऱ्यात वस्ती केली ती दोन नद्यांचे पाणी जेथे एकत्र येते त्या जागी, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुराणकथाही पाण्याभोवतीच फिरते. पांडेश्वर येथे पांडवांच्या यज्ञप्रसंगी ब्रह्मदेवाचा करा, म्हणजे कमंडलू, कलंडला आणि त्यातील पाण्याची कऱ्हा झाली, अशी कथा सांगितली जाते. मोरगावच्या गणेशभक्तांत हीच नदी कमंडलूचे तीर्थ म्हणून मानली जाते. नावाची ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. पण ज्या नदीत वर्षाचे अनेक महिने कमंडलूभरच पाणी असते, तिच्यासाठी लोकांनी निवडलेली ही प्रतिमा अतिशय चपखल आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गावांच्या नावांतही हे खोरे दिसते. 'कऱ्हेपठार' हे जुन्या कागदपत्रांतील एका तर्फेचे नाव. नाझरे सुपे व नाझरे कडेपठार, जळगाव सुपे व जळगाव कडेपठार अशा जोडगावांच्या नावांत जुन्या महसुली विभागांच्या सीमेची खूण शिल्लक आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे परगणा येथून हाकेच्या अंतरावर. १६४८ मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखानाचा तळ याच खोऱ्यात बेलसर येथे पडला होता. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचा अंत १७२० मध्ये सासवड येथे झाला. महात्मा फुले यांच्या घराण्याचे खानवडी हे गाव सासवडच्या पूर्वेस याच खोऱ्यात आहे. बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी आपले बहुतेक आयुष्य घालवले व १७९४ मध्ये तेथेच देह ठेवला. इतक्या लहान नदीच्या काठी इतका इतिहास का, याचे उत्तर तिच्या पाण्यापेक्षा तिच्या वाटेत अधिक आहे. पुण्याहून दिवेघाट चढून दक्षिणेकडे व आग्नेयेकडे जाणारी वाट या खोऱ्यातूनच जाते. आजही आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवड व जेजुरीस आणि तुकाराम महाराजांची पालखी बारामतीस मुक्काम करते. सोपानदेवांची पालखी तर सासवडहूनच निघते.

सासवड येथे चांबळी नदी कऱ्हेस मिळते. त्या संगमावरील संगमेश्वर आणि थोडे वर चांगावटेश्वर ही मंदिरे पाहिली असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते : दोन्ही मंदिरे पात्रालगत असूनही भक्कम उंच जोत्यावर उभी आहेत आणि पायऱ्या पाण्याकडे उतरत जातात. बांधणाऱ्यांना नदीचे कोरडे रूप जसे ठाऊक होते तसे तिचे पुराचे रूपही ठाऊक होते.

पाणी अडवणे आणि पाणी आणणे

कऱ्हेचे स्वतःचे पाणी साठवणारे सर्वांत मोठे धरण म्हणजे जेजुरीजवळील नाझरे, अर्थात मल्हारसागर. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ०.५९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्याच नीरा खोऱ्यातील भाटघरचा उपयुक्त साठा सुमारे २३.५ टीएमसी आणि वीर धरणाचा सुमारे ९.४ टीएमसी आहे. हे आकडे शेजारी ठेवले की कऱ्हेचे स्थान स्पष्ट होते. भाटघर एकदा भरले तर त्यात चाळीस नाझरे मावतील. आणि नाझरे दरवर्षी भरतेच असेही नाही. वरच्या बाजूस गराडे येथे लहान जलाशय आहे. सासवड नगराला मात्र गराडे, घोरवडी यांच्या जोडीला नीरेवरील वीर धरणातून पाणी आणावे लागते. कऱ्हाकाठचे प्रमुख नगर नीरेचे पाणी पिते, असे म्हणावे लागेल.

खालच्या बाजूस नीरेचे पाणी फार पूर्वीच आले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाचे काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची उभारणी झाली. १८८५ मध्ये कालवा सुरू झाला आणि त्यास पाणी पुरवणारे भाटघरचे जुने धरण १८९२ च्या सुमारास पुरे झाले. हा कालवा नीरेच्या डाव्या अंगाने पूर्वेकडे इंदापूरपर्यंत जात असल्याने बारामतीच्या परिसरात त्यास कऱ्हा ओलांडावी लागते. या एका ओलांडणीने बारामती तालुक्याचे दोन भाग केले. कालव्याच्या खालचा तो बागायती पट्टा : ऊस, साखर कारखाने, दुभती जनावरे, पक्की घरे. वरचा तो जिरायती पट्टा : बाजरी, ज्वारी, मेंढपाळी आणि उन्हाळ्यात टँकर. सुपे, मोरगाव, आंबी ही गावे या दुसऱ्या पट्ट्यात येतात. म्हणजे नदीच्या अगदी काठावर वसलेली मोरगाव-आंबीसारखी गावे जिरायती राहिली आणि नदीपासून दूर असलेल्या, पण कालव्याखाली आलेल्या गावांचा मळा झाला. नदीकाठ आणि पाणी यांचे जे नाते आपण गृहीत धरतो ते येथे १८८५ पासूनच तुटलेले आहे.

अलीकडच्या काळात तिसरे पाणी आले. पुरंदर उपसा सिंचन योजनेतून मुळा-मुठा नदीचे पाणी पंपांनी उचलून शिंदवणे घाटाच्या बाजूने भुलेश्वर रांगेपलीकडे आणले जाते. या योजनेचा नियोजित वापर सुमारे ४ टीएमसी आहे. नाझरे धरणाच्या जवळजवळ सातपट! जनाई-शिरसाई योजनेचे खडकवासला साखळीतील पाणी बारामती व दौंडच्या कोरड्या गावांना मिळते. या योजनांनी ओढ्यांवरील बंधारे व पाझर तलाव भरले जातात, विहिरींना पाझर फुटतो आणि डोंगरउतारावरील फळबागा उन्हाळ्यात तगतात. पुरंदरच्या अंजिरास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या बागांच्या मागे माळकऱ्यांची पिढ्यांची मेहनत जशी आहे तसे हे उचललेले पाणीही आहे.

परंतु मुळा-मुठेचे पाणी याचा अर्थ पुणे शहराचे वापरून सोडलेले पाणी. शहराच्या सांडपाण्यावर पुरेशी प्रक्रिया होत नाही, हे सर्वश्रुत आहे. भौगोलिक दृष्टीने पाहता एरवी मुठा-मुळा-भीमा या मार्गाने जाणारे शहराचे सांडपाणी आता डोंगर चढून कऱ्हा-नीरा-भीमा या दुसऱ्या मार्गानेही भीमेकडे उतरू लागले आहे. वाटेत ते शेततळ्यांत, पाझर तलावांत आणि त्यांच्या खालच्या पिण्याच्या विहिरींत मुरते. सिंचनाच्या हिशेबात हे पाणी 'लाभ' या रकान्यात येते. विहिरीच्या पाण्यात काय मिसळले, हे नोंदवण्यासाठी त्या हिशेबात रकानाच नाही.

पाण्याचा वाटा कशाच्या आधारे?

या टप्प्यावर पुरंदर तालुक्यातील एका प्रयोगाचे स्मरण करणे आवश्यक आहे. १९७२ च्या दुष्काळात या भागात रोजगाराच्या कामांवर हजारो माणसे खडी फोडत होती. ते दृश्य पाहून पुण्यातील अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर उताराची, पडीक जमीन खंडाने घेतली आणि तेथे पाणलोटाची कामे केली. बांधबंदिस्ती, उताराच्या पायथ्याशी तळे, तळ्याखाली विहीर, विहिरीतून उपसा अशी ती साधी रचना होती. त्यातूनच पुढे 'पाणी पंचायत' उभी राहिली.

पाणी पंचायतीचे तांत्रिक अंग आज कोणत्याही पाणलोट कार्यक्रमात सापडेल. तिचे वेगळेपण नियमांत होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरे : माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नसे. जमीन विकली तरी पाणी विकता येत नसे. भूमिहीनासही पाण्यात वाटा होता. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, असे बंधन होते. योजनेच्या खर्चाचा एक हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभारायचा आणि वाटपासाठी पाटकरी नेमायचा. हे नियम सर्व ठिकाणी सारख्याच काटेकोरपणे पाळले गेले असे नाही, आणि बाहेरून मुबलक पाणी येण्याची आशा निर्माण झाल्यावर त्यांची पकड सैल होणे अपरिहार्यच होते. साळुंखे यांचे २००२ मध्ये निधन झाले.

यानंतर २००५ मध्ये महाराष्ट्रात सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाणीवापर संस्थांना कायदेशीर स्थान व घनमापनाने पाणी मिळण्याचा हक्क देणारे हे कायदे महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. मात्र लाभक्षेत्रात जमीन असणे ही त्यांतील हक्काची पायाभूत अट आहे. मोरगावच्या मेंढपाळास, नाझरे परिसरातील शेतमजूर स्त्रीस त्या चौकटीत पिण्याच्या पाण्यापलीकडे स्थान नाही. पाणी पंचायतीने कऱ्हेच्या खोऱ्यात जो प्रश्न विचारला होता, की पाणी जमिनीचे की माणसाचे, तो अनुत्तरितच राहिला. आज उपसा योजनेचे पाणी येते तेव्हा ते अर्ज भरून वीजबिलाचा हिस्सा भरणाऱ्या आणि पाइप टाकू शकणाऱ्या शेतकऱ्याकडे प्रथम जाते. यात कोणाचा दोष आहे असे म्हणण्यापेक्षा, योजनेची रचनाच तशी आहे असे म्हणणे न्याय्य ठरेल.

२०१९ चे वर्ष

एकाच वर्षात या नदीची दोन्ही रूपे पाहावयाची असतील तर २०१९ चे उदाहरण पुरेसे आहे. त्या उन्हाळ्यात नाझरे धरणाचा उपयुक्त साठा संपला होता आणि खोऱ्यातील गावे टँकरवर होती. २५ सप्टेंबरच्या रात्री पुरंदरच्या डोंगरात अतिवृष्टी झाली. त्याच रात्री त्याच डोंगररांगेच्या पुण्याकडील उतारावरून येणाऱ्या आंबिल ओढ्याने शहरात हाहाकार उडवला, म्हणून त्या पुराची चर्चा अधिक झाली. कऱ्हेचा पूर मात्र स्थानिक बातम्यांपुरताच राहिला. सासवड परिसरात नदी पुलांवरून गेली, नाझरे धरणातून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो रहिवाशांना मध्यरात्रीनंतर सुरक्षित स्थळी हलवावे लागले.

हे का घडले, याचे एक उत्तर अर्थातच पाऊस हे आहे. दुसरे उत्तर पात्रात शोधावे लागते. वर्षानुवर्षे पाणी न वाहिलेल्या पात्राविषयीची भीती ओसरते. वाळू उपसली जाते, तिच्या जागी खड्डे व काटेरी वेड्या बाभळीचे रान उरते. काठावरील मळीची जमीन नांगराखाली येते. नगरांजवळ घरे, टपऱ्या, रस्ते पात्राकडे सरकत जातात. वाळू गेल्याने दुहेरी नुकसान होते. पात्रातील वाळूचा थर हा काठच्या विहिरींचा साठा असतो आणि पुराचा वेग रोखणारा अडथळाही असतो. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शासनाने जे ४० तालुके दुष्काळग्रस्त घोषित केले, त्यांत पुरंदर व बारामती हे दोन्ही होते. पुरानंतर चार वर्षांनी पुन्हा टँकर.

जेजुरीच्या सोमवती अमावस्येस खंडोबाची पालखी गडावरून उतरून कऱ्हास्नानास जाते. लाखो भाविक येळकोटाच्या घोषात तिच्या मागे जातात. कोरड्या वर्षी देवाच्या स्नानापुरते पाणी पात्रात असावे यासाठी तरतूद करावी लागते. देवाच्या स्नानासाठी गावकरी ही तजवीज एकत्र येऊन करतात. पिण्याच्या विहिरीसाठी ती होत नाही.

अभ्यासाची एक दिशा

कऱ्हेचे खोरे दोन तालुक्यांत, अनेक ग्रामपंचायतींत, तीन नगरांत आणि सिंचनाच्या तीन निरनिराळ्या व्यवस्थांत विभागलेले आहे. पाटबंधारे खात्याच्या नोंदी धरणाच्या व कालव्याच्या, भूजल यंत्रणेच्या नोंदी निवडक निरीक्षण विहिरींच्या, तर महसूल खात्याच्या नोंदी गटनंबरांच्या. नदी या एककाची नोंद कोठेही होत नाही.

हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प समाविष्ट झाले आहेत; पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प त्यापूर्वीपासूनच आहे. हे प्रकल्प बहुधा प्रश्नावली व बांधणी केलेली वही यांतच संपतात. त्याऐवजी सासवड, जेजुरी व बारामती परिसरातील महाविद्यालयांनी नदीचे टप्पे वाटून घ्यावेत. प्रत्येक गावातील गाळपट्ट्यातील दोन जुन्या विहिरी आणि उताराकडील दोन विहिरी निवडून दर महिन्यास पाण्याची पातळी मोजावी. उपसा योजनेच्या आवर्तनापूर्वी व नंतर रसायनशास्त्र विभागाने त्यांच्या पाण्यातील नायट्रेट, क्लोराइड व क्षारता तपासावी. भूगोल विभागाने २०१९ च्या पूररेषेच्या खुणा वृद्धांच्या सांगण्यावरून, मंदिरांच्या पायऱ्यांवरून व भिंतींवरील डागांवरून नकाशावर उतरवाव्यात. या खुणा आताच नोंदवल्या नाहीत तर रंगरंगोटीखाली जातील. मराठी व इतिहास विभागांना डोहांची, उतारांची, पांदींची नावे गोळा करता येतील, कारण जेथे डोहाचे नाव आहे आणि डोह नाही, तेथे वाळू केव्हा गेली याची तारीख लोकांच्या आठवणीत अजून सापडते. कोणत्या घरास पाण्याचा वाटा मिळतो व कोणत्या घरास नाही, ही नोंद समाजशास्त्र व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी. तीत मेंढपाळांची व ऊसतोडीस जाणाऱ्यांची घरे वगळू नयेत, कारण मोजणीच्या दिवशी नेमकी तीच घरे बंद असतात.

एका वर्षाच्या नोंदी पुरणार नाहीत. एक कोरडे आणि एक पुराचे अशी किमान दोन वर्षे हाती लागेपर्यंत त्या चालू ठेवाव्या लागतील, आणि कऱ्हेच्या बाबतीत त्यासाठी फार थांबावे लागत नाही.